सिलिंडर 'डिटोनेट' होतो का?

कोरडीविहीर: हल्ली काहीही फुटलं की ते 'डिटोनेट' झालं. परवा एका बातमीत चक्क गॅस सिलिंडर डिटोनेट झाला! अरे, आगीत सिलिंडर तापतो, आतला दाब वाढतो, पत्रा फाटतो आणि बाहेर आलेला गॅस भडकतो. याला एक्स्प्लोड म्हणा, बर्स्ट म्हणा. डिटोनेशनमध्ये स्फोटाची लाट त्या पदार्थातूनच ध्वनीपेक्षा जास्त वेगाने धावते, टीएनटी या स्फोटकात सेकंदाला ६९०० मीटरच्या आसपास. जुनी बंदुकीची काळी दारू नुसती झपाट्याने जळते, ती सुद्धा डिटोनेट होत नाही.

उगाचबोलतो: झालं, शुद्धलेखनवाले स्फोटातही घुसले. एक्स्प्लोड लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ टाळ्या वाजवून नटाला रंगमंचावरून हाकलणे! फुटण्याचा अर्थ बराच नंतर चिकटला. तेव्हा तुमच्यासारखे कोणी असते तर आज बॉम्ब फुटला हे म्हणायलाच शब्द नसता.

सुरुंगवाला: आमच्या विहिरींच्या कामात फरक सोपा आहे. जिलेटीनची कांडी आपण डिटोनेटर लावून उडवतो, म्हणजे डिटोनेट 'करतो'. आपोआप होतं ते एक्स्प्लोड.

कोरडीविहीर: नाही हो दादा, इथे तुमचंही चुकतंय. लेबनॉनच्या बैरुतला ४ ऑगस्ट २०२० ला गोदामातलं अमोनियम नायट्रेट (खतात आणि स्फोटकांत वापरतात ते रसायन) उडालं, २७५० टन साठवलेलं होतं म्हणतात, तिथे आधी आग लागली होती, कांडी कुठे होती? तरी ते डिटोनेशनच. मुंबईत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजावर आधी कापूस पेटला आणि मग स्फोटकं उडाली, तिथेही कोणी बटण दाबलं नव्हतं.

सुरुंगवाला: बरं, बैरुत मान्य. पण इंग्रजी वाक्यात 'पोलिसांनी बॉम्ब डिटोनेट केला' म्हटलं की मुद्दाम, काळजी घेऊन उडवला हेच डोक्यात येतं ना? वाचणारा लाटेचा वेग मोजत बसत नाही.

उगाचबोलतो: तेच तर! शिवाय इंजिन नॉक होतं, म्हणजे आत इंधन चुकीच्या पद्धतीने पेटून ठोकल्यासारखा आवाज येतो, त्यालाही मेकॅनिक लोक डिटोनेशन म्हणतात, आता त्यांच्या गॅरेजवर पण मोर्चा काढा.

कोरडीविहीर: गॅरेजमध्ये काय वाट्टेल ते म्हणा. पण आगीच्या तपासाच्या रिपोर्टात सिलिंडर डिटोनेट झाला लिहिलं तर वाचणारा आधी स्फोटकं शोधायला लागेल, आणि बिचाऱ्या घरमालकाची उलटतपासणी सुरू.

उगाचबोलतो: रिपोर्टापुरतं सोडलं. बातमीला मी डिटोनेटच म्हणणार.