सिस्टर घडवायची कुठं: भिंतीआड की आपल्या माणसांत?

मलप्रभाकाठ (धागा सुरू करणारी)

मे महिन्यात आमच्या शेजारच्या मुलीची सिस्टर होण्याची पहिली व्रतं झाली. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, घरात मराठी-कोकणी, शाळा मराठी. गावातून टेंपो भरून माणसं गेली होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, इंग्रजीत, प्रवचनही इंग्रजीत. पोरीनं पेटती मेणबत्ती हातात धरून व्रतांचा मजकूर वाचला, मग कागद वेदीवर ठेवून सही केली. तिची आई तिसऱ्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसलेली. तिला त्यातून लेकीचं नाव तेवढं कळलं. बाहेर आल्यावर मला विचारते, "काय काय सोडलं गं तिनं?"

दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. तिथंच मांडवात उभ्या उभ्या मी तिला तिन्ही व्रतं समजावून सांगितली. खरं तर हे तिला लेकीच्या तोंडून कळायला हवं होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडच्या मुली बारावी झाल्या की कॉन्व्हेंटात जातात. उमेदवारी, पोस्टुलन्सी म्हणजे आत घेण्याआधीची तयारी, नोव्हिसेट म्हणजे व्रतांआधीचा पारखायचा काळ, मग तात्पुरती व्रतं आणि शेवटी कायमची. हा सगळा काळ मोठ्या आवारात, गेटच्या आत, इंग्रजीत जातो. मग त्यांना लोकांत पाठवतात आणि म्हणतात, साक्ष द्या, म्हणजे आपल्या जगण्यातून श्रद्धा दाखवा. साक्ष कुणापुढं द्यायची? ज्यांची भाषा, ज्यांची देणी-घेणी, ज्यांच्या घरातली दुखणी तिच्या अंगवळणीच राहिली नाहीत, त्यांच्यापुढं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश काढला. सुवार्तेकडं आणि संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडं परत जा, आणि आजच्या काळाशी जुळवून घ्या, असं त्यात सांगितलंय. आणि ज्या संस्थापकांकडं परत जायचं, ते बहुतेक गल्लीबोळांतल्या गरिबांतच वावरले.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्यानं दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत छापलं. परक्यानं एवढं केलं, आणि आपलीच लेक आपल्या गावासमोर देवाला दिलेला शब्द इंग्रजीत देते. हे मला सलतं.

माझ्या मागण्या तीन. घडणीचा निम्मा काळ गावात, लोकांच्या शेजारी काढावा. व्रतं मुलीच्या स्वतःच्या चर्चमध्ये व्हावीत. आणि ती मराठीत किंवा कोकणीत व्हावीत.

कॅम्पातला

ताई, आईचा प्रश्न वाचून मलाही वाईट वाटलं. पण तुमच्या पहिल्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

नोव्हिसेट म्हणजे ट्रेनिंग कॉलेज नव्हे. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार ते निदान बारा महिन्यांचं असावं लागतं आणि त्यासाठी ठरवून दिलेल्या घरातच करावं लागतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर ते ग्राह्यच धरत नाहीत. पंधरा दिवसांहून जास्त झाली तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. इतकं काटेकोर का? कारण त्या वर्षात एकाच गोष्टीचा निकाल लागायचा असतो: हे पाचारण देवाचं आहे, की घरच्या अडचणीचं, की एखाद्या सिस्टरच्या कौतुकाचं. गावात राहून हा निकाल लागेल? मावशी स्थळ घेऊन येणार, भाऊ जमिनीच्या वाटणीचं विचारायला येणार, फेस्ताला पाहुणे येणार. एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला शांतपणे विचार करायला जागा द्या की.

भाषेचंही बघा. त्या घरात खानापूरची एक, हल्याळची एक, मंगळूरची दोन, झारखंडची एक. त्यांनी एकमेकींशी बोलायचं कशात?

आणि साक्ष काही भाषणातून होत नाही. सिस्टर राणी मारिया केरळच्या. घडण कॉन्व्हेंटच्या भिंतीआडच झाली. पुढं मध्य प्रदेशात हिंदी बोलणाऱ्या आदिवासी गावांत गेल्या, शेतमजुरांना सावकाराच्या फासातून सोडवायला उभ्या राहिल्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये त्यांचा खून झाला. खुन्याला त्यांच्या घरच्यांनी माफ केलं, सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, त्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. ज्या मातीत जन्मल्या तिथली भाषा त्यांना तिकडं उपयोगाची नव्हती. त्यांना बळ मिळालं ते प्रार्थनेत बसायच्या सवयीनं.

मलप्रभाकाठ

राणी मारियांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, दादा. त्या लोकांची भाषा शिकल्या, त्यांच्या पायवाटा चालल्या, त्यांची कर्जाची कागदं समजून घेतली. त्यांची खरी घडण त्या गावांनी केली. मी तेच मागतेय, फक्त शेवटी नको, आधीपासून. भीमगडच्या जंगलात पावसाळ्यात आजाऱ्याला बाहेर काढायचं म्हणजे खांद्यावर घेऊन चालावं लागतं अशी गावं आहेत. पोस्टुलन्सीतल्या मुलीनं एक पावसाळा तिथं काढला तर देवाचा आवाज तिला कमी ऐकू येईल?

वेदगंगा

मी ख्रिस्ती नाही, जैन आहे, निपाणीकडचा. पण विषय जिव्हाळ्याचा म्हणून लिहितोय. आमच्याकडंही पायऱ्या आहेत: क्षुल्लक, मग ऐलक, मग मुनी. क्षुल्लकाला दोन वस्त्रं, ऐलकाला एक, मुनीला काहीच नाही. या सगळ्या पायऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर चढायच्या असतात. चातुर्मास सोडला तर महाराज एका जागी राहत नाहीत, गावोगाव पायी विहार. आहाराच्या वेळी श्रावक दारात कलश घेऊन उभे असतात. महाराज मनात काही नेम धरून निघालेले असतात, तो जुळला तरच थांबणार. जेवताना घासात केस निघाला की अंतराय, हात धुऊन उपाशी परत. दिवसातून एकदाच जेवण, तेही गेलं. अख्खी गल्ली ते बघते, लहान पोरंसुद्धा. त्यागाची भाषा कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आचार्य शांतिसागर महाराज आमच्या भोजचे. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवला. आजही आमच्या घरात म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल नात्यातल्या माणसासारखं बोलतात, कारण त्यांचं चालणं-बसणं सगळ्यांनी पाहिलेलं.

म्हणून माझा प्रश्न: तुमच्या मुलींचं दारिद्र्य कुणाला दिसतं? जेवण तर कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातून वेळेवर येतं.

अनगोळचा पालक

मी हाच मुद्दा मांडणार होतो. माझी मुलं एका मिशनरी शाळेत शिकली. सिस्टर लोक साधे राहतात, खोटं कशाला बोलू. पण फीचा आकडा बघितला की दारिद्र्याचं व्रत कुणी घेतलंय हे कळत नाही. बाई गरीब आणि संस्था श्रीमंत, ही साक्ष माझ्यासारख्याला पटत नाही. विजापूरचे सिद्धेश्वर स्वामी आठवा. सदऱ्याला खिसाच नव्हता. २०१८ मध्ये पद्मश्री नम्रपणे नाकारली. २ जानेवारी २०२३ ला गेले तेव्हा आमच्या गल्लीतली कधी प्रवचनाला न गेलेली माणसंपण रडूलालती.

व्रतस्थ

मी स्वतः सिस्टर आहे, कायमची व्रतं घेऊन बरीच वर्षं झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही.

वेदगंगा दादा, तुमच्या मुनींपुढं मी हात जोडते. पण आमची वाट वेगळी आहे. मुनींना शाळा चालवायची नसते, दवाखान्यात रात्रपाळी करायची नसते. आमचं दारिद्र्य सामाईक आहे. माझा पगार समूहाच्या खात्यात जातो, चप्पल घ्यायची तर सुपीरियरकडं, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टरकडं, मागावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून कर कापलाच पाहिजे असा निकाल दिला. आमच्या बाजूचं म्हणणं होतं की व्रतानंतर तो पगार आमचा राहतच नाही. न्यायालय म्हणालं, पगार ज्याच्या नावावर त्याचा कर. निकाल मला मान्य आहे. देशाचे रस्ते आम्हीही वापरतो.

अनगोळच्या दादांचं दुखणं मात्र खरं आहे. संस्थेनं आपले हिशेब पालकांपुढं ठेवावेत असं मी आमच्या बैठकीत बोलते, पुढंही बोलत राहीन.

पण या धाग्यात कुणीच बोललं नाही ती गोष्ट सांगते. भिंतीआडच्या घडणीत सगळ्यात अवघड काय असतं? मौन नाही, पहाटे उठणं नाही. जिच्याशी आपलं अजिबात पटत नाही तिच्याशेजारी रोज जेवायला बसायचं. तिनं भात चिवडत बसायचं, आपण बघायचं. तिची पाळी असताना तिनं जिना नीट झाडला नाही तर गप्प राहून आपण झाडायचा, आणि रात्री आत्मपरीक्षणाला बसलं की कबूल करायचं की झाडताना मनात दया नव्हती, राग होता. नोव्हिसेटमधल्या मुलींना घडवणाऱ्या आमच्या नोव्हिस मिस्ट्रेस बाई फार कडक, पण एक नेम त्यांचा पक्का होता: दोघींचं भांडण झालं की त्या दोघींना एकत्र भांडी घासायला लावायच्या. काथ्या एकच. काही बोलायच्या नाहीत, दारात उभ्या राहायच्या. गावात सेवा करताना लोक आभार मानतात, सिस्टर सिस्टर करतात. तिथं राग लपतो. घरात लपत नाही. ज्या मुली हे न शिकता सेवेत गेल्या, त्या दोन-चार वर्षांत आतून रिकाम्या होताना मी पाहिल्यात.

त्यामुळं मलप्रभाकाठ ताई, निम्मा काळ नको. नोव्हिसेटच्या बाहेरचा जेवढा घ्याल तेवढा घ्या.

घरी आलेली

मी तात्पुरती व्रतं संपल्यावर बाहेर पडले. नियमानं ती निदान तीन वर्षांची असतात, सहापर्यंत जातात, फार तर नऊ. हा काळ दोन्ही बाजूंनी पारखण्याचाच असतो. मुदत संपली की मुलगी मोकळी, तिनं कुणाला फसवलेलं नसतं. पण हे आमच्या गावात कुणाला माहीत होतं? मी आले तेव्हा लोक आईला विचारायचे, "काय केलं पोरीनं?"

मलप्रभाकाठ ताईंना वाटेल मी त्यांच्या बाजूनं बोलणार. नाही. गावातच घडण झाली असती तर मला बाहेर पडायचं धाडसच झालं नसतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी साडी नेसून फिरायचं, म्हाताऱ्यांनी हात जोडायचे, आणि मग एक दिवस सलवार-कमीज घालून बाजारात उभं राहायचं? मुकाट्यानं राहिले असते, जन्मभर कडवट झाले असते. लांब होते म्हणून मला स्वतःशी खरं बोलता आलं. पहिली व्रतं गावात नकोत, माझी कळकळीची विनंती आहे. कायमची व्रतं गावात घ्या, खुशाल मांडव घाला.

आणखी एक. धर्मसंहितेत लिहिलंय की सोडून जाणाऱ्या व्यक्तीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण संस्थेनं तिच्याशी न्यायानं आणि प्रेमानं वागावं. प्रेमानं म्हणजे किती, ते प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. माझ्या हाती परतीचं तिकीट आणि थोडे पैसे आले. बी.एड. अर्धवट होतं, ते पुरं करायला मामानं मदत केली. साक्षीबद्दल एवढं बोलताय तर जी परत जाते तिच्याशी संस्था कशी वागते, तीही साक्षच की. गाव तीच आधी बघतं.

कॅम्पातला

तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या पॅरिशच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

घरी आलेली

हरकत नाही. नाव तेवढं विचारू नका.

मलप्रभाकाठ

ताई, पहिल्या व्रतांबद्दल तुमचं म्हणणं मी धरून ठेवते, ते मागणीतून काढलं. नोव्हिसेटचं वर्षही आत राहू दे, सिस्टरनी सांगितलेली ती एकाच काथ्याची भांडी मला पटली. पण त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं मी सोडणार नाही. सतरा वर्षांखालच्या मुलीला नोव्हिसेटमध्ये घेता येत नाही आणि कायमची व्रतं एकविसाव्या वर्षाआधी घेता येत नाहीत. म्हणजे नोव्हिसेटचं वर्ष सोडलं तरी निदान तीन वर्षं हाताशी आहेतच, प्रत्यक्षात जास्तच. त्यातली दोन खानापूर, हल्याळ, चिकोडीकडच्या गावांत, भाड्याच्या दोन खोल्यांत, शेजारणीकडून पाणी मागत काढायला काय हरकत आहे? घरी आलेल्या ताईंची भीती टाळायला मुलगी तिच्या स्वतःच्या गावात नको, दुसऱ्या गावात ठेवा. भाषा तीच राहील.

आणि भाषेचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही. घरात एकमेकींशी इंग्रजी बोलोत. पण व्रत देवाला आणि लोकांसमोर द्यायचं असतं. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत आली ती याचसाठी. कायमच्या व्रतांचा मजकूर मुलीच्या आईला कळेल अशा भाषेत का नसावा?

वेदगंगा

सिस्टर, जेवणाबद्दलचं माझं वाक्य तुम्हाला लागलं असेल तर मनावर घेऊ नका. शेजारी बसून जेवायची ती गोष्ट मी घरी वाचून दाखवली. आमची आई म्हणाली, हे उपासापेक्षा अवघड.

व्रतस्थ

लागलं नाही दादा. आईंना नमस्कार सांगा.

मलप्रभाकाठ ताई, माझी कायमची व्रतं इंग्रजीतच झाली. आई-बाबा आता नाहीत. २ फेब्रुवारीला, संन्यस्त जीवनाच्या दिवशी, आम्ही सगळ्याजणी मिस्सेत व्रतांचं नूतनीकरण करतो. यंदा माझ्या वाटचं कोकणीत म्हणू द्याल का, असं सुपीरियरना विचारते. आमच्यातल्या दोघी मराठीत म्हणतील, एक कन्नडमध्ये. त्यांनी होकार दिला तर चर्च कोणतं ते इथं लिहीन, त्या मुलीच्या आईला घेऊन या.

कॅम्पातला

याला माझा विरोध नाही सिस्टर, मीही येईन. नोव्हिसेटची भिंत मात्र तिथंच राहू दे.

मलप्रभाकाठ

भिंत राहू दे, दादा. भाड्याच्या दोन खोल्यांचं काय ते सांगा. आमच्या गावात बघून ठेवल्यात.