दंड घालणे की दांड घालणे? (आणि तो चादरीला घालतात का?)

जुनीपेटी
आमच्या सोसायटीतल्या बायकांसाठी एक छोटं टिपण लिहितेय. जुन्या कपड्यांचं घरच्या घरी काय काय करता येतं, त्यावर. पिशव्या, पायपुसणी, बाळाची दुपटी, झालंच तर गोधडी. त्यात एक प्रकार असा: चादर मधोमध विरली की तिथूनच उभी फाडायची, दोन्ही बाजूंचे धड काठ मध्ये आणून एकमेकांना जोडायचे आणि विरलेल्या कडा बाहेर गेल्या की दुमडून शिवून टाकायच्या. गादीखाली खोचलेला भाग कोण बघतंय! चादर आणखी दोन-तीन वर्षं सहज निघते.

आई याला 'दंड घालणे' म्हणायची. मी तेच मथळ्यात लिहिलं. टिपण तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने खोडून शेजारी लिहिलं, "दंड पोलीस करतात. योग्य शब्द वापरावा." घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, शब्द आहे, पण 'दांड', आणि तो लुगड्याचा, चादरीला कसला आलाय दांड! आता मी नेमकं काय लिहू?

अनुस्वार
दंडच. लाल शाईवाल्या बाईंना सांगा, दंड बैठकाही असतात, त्या पोलीस करायला लावतात ते सोडा.
लुगडं बसून बसून जिथं विरायचं तेवढा पट्टा काढून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे, तो दंड. कधी दोन जुन्या लुगड्यांचे धड अर्धे घेऊन एक करायचे. मग अर्धं हिरवं, अर्धं तांबडं. माझी आजी जोड आत जाईल अशा बेताने नेसायची आणि पाहुणे आले की तरीही एकदा चाचपून बघायची.
सासूबाईंचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड आहे. लुगड्याचा दंड काठापासून काठापर्यंत आडवा जातो. तुमच्या चादरीचा जोड उभा. क्रियाच वेगळी.

मधली सुट्टी
दांड! आमच्याकडे नाशिकला विहिरीचं पाणी वाफ्यांत नेतात तो दांड. लुगड्याचे दोन तुकडे जोडले की शिवणीचा उंचवटा असाच दिसतो, शेतातून गेल्यासारखा. शब्द तिथूनच आलेला असणार.

अनुस्वार
पाणी उंचवट्यातून वाहतं का हो? आणि नगरकडे त्या पाण्यालाही आम्ही दंडच म्हणतो. म्हणजे आपण जिथं होतो तिथंच.

मधली सुट्टी
पाणी मधून जातं, दोन्ही बाजूंना माती चढवलेली असते. शेत बघितलंय का?

दोनओळी
शेतावर जाण्याची गरज नाही. मूळ संस्कृत दण्ड, म्हणजे काठी. त्यातून दांडा, दांडी, दांडकं, दांडपट्टा. सरळ, लांब, कडक असं जे जे काही ते. कापडावरची सरळ जाड शिवण हीही एक काठीच. दंड तत्सम, दांड तद्भव, दोन्ही शुद्ध. पण शिंपी ब्लाउजचं माप घेताना 'दंडघेर' लिहितो, 'दांडघेर' लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.
त्याहून गंभीर गोष्ट अशी की या टिपणात 'तुरपाई' वगैरे हिंदी माल शिरला नसेल अशी आशा आहे. शिवण, शिवणे, शिंपी असे खणखणीत शब्द असताना 'शिलाई' कशाला?

जुनीपेटी
पकडलंत. 'शिलाई मशीन' आहे दोन ठिकाणी. पण 'शिवणयंत्र' लिहिलं तर आमच्या बायका मला शाळेतल्या बाई समजतील. मी काय लिहू, हे कुणी सांगेल का?

बेळगावकर
दोनओळी, साफसफाई करायचीच तर पुरती करूया. काज काढा, पोर्तुगीज आहे. फीत काढा, तीही त्यांचीच. इस्त्रीही. रफू आणि अस्तर फारसीतून आले, तेही फाडून टाका. मग बिनअस्तराचा, बिनकाजाचा, चुरगळलेला शुद्ध मराठी झगा घालून फिरा.

दोनओळी
शतकानुशतकं रुळलेला शब्द आणि परवा मालिकेतून आलेला शब्द यांत फरक असतो.

बेळगावकर
किती वर्षांनी रुळतो ते सांगा, कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.
बाकी विषय गोधडीचा निघालाच आहे तर सांगतो, आमच्याकडे कानडी शेजाऱ्यांत तिला कौदी म्हणतात. खाली यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका शिवतात ती कवंद. तिच्या चारही कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानतच नाहीत. फूल नसलेली कवंद म्हणजे नागडी.

कापूसकोंडा
गोधडी हा शहरी शब्द. आमच्या माणदेशात वाकळ.
आजी वाकळ घालायला बसायची ते उन्हाळ्यात, अंगणात. खाली एक धड लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड. वर आजोबांची धोतरं, धडुती, माझ्या शाळेच्या चड्ड्या उसवून. सगळ्यात वर पुन्हा एक लुगडं. मग कडेकडेने धावदोरा घालत आत आत जायचं, चौकोनात चौकोन. आम्हा पोरांचं काम एकच: सुईत दोरा ओवून तयार ठेवायच्या. आजीला नाकं दिसायची नाहीत, सुईचीही नाहीत अन् शेंबडाचीही नाहीत, असं ती स्वतःच म्हणायची.
एका वाकळीच्या वरच्या अंगाला माझ्या खाकी चड्डीचा तुकडा होता, तो खिशासकट. खिसा तिने मुद्दाम उघडा ठेवला होता. मी त्यात चिंचोके ठेवायचो आणि रात्री पाठीला टोचले की कूस बदलायचो.
आता मुद्द्याचं. आजीची दंडाची लुगडी शेवटी वाकळीच्या पोटातच गेली. अंधारात वाकळीवरून हात फिरवला की आतली ती जाड शिवण बोटाला लागायची. त्याला आम्ही दंड म्हणायचो, आडवा उभा कुणी विचारलं नाही.

मधली सुट्टी
वाकळ 'घालणे'? आमच्यात गोधडी शिवतात.

कापूसकोंडा
आणि आमच्यात अंथरतात, पांघरतात, पोराने ओली केली की दगडावर आपटतातही. टाके घालतात म्हणून वाकळ घालतात.

दोनओळी
वाकळ < वल्कल. ऋषिमुनींची वल्कलं. उघड आहे.

अनुस्वार
उघडं आहे म्हणूनच पांघरायला लागतं. अहो, वल्कल म्हणजे झाडाची साल. तीत चिंध्या कुठून आल्या?

दोनओळी
सालीलाही थर असतात.

बेळगावकर
कांद्यालाही असतात.

अनुस्वार
पांघरुणांचीच यादी करायची तर पासोडी राहिली. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आजही आहे. पांघरायच्या वस्त्रावर त्यांनी आख्खा ग्रंथ लिहून ठेवला. दुलई, रजई, लेप, पासोडी, गोधडी, वाकळ, घोंगडी… आणि तरी लोक म्हणतात, मराठीत शब्द नाहीत.

मधली सुट्टी
घोंगडी विणतात. ती या यादीत नको.

सातासमुद्र
मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथं लँकेस्टरच्या बाजूला आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) बायकांच्या हाताने शिवलेल्या गोधड्या विकायला असतात. काम इतकं सुबक की हात लावायला भीती वाटते. पण बाकी हौशी बायकांचं क्विल्टिंग बघून मला हसू येतं. दुकानातून कोरं करकरीत कापड आणायचं, त्याचे चौकोन कापायचे आणि परत जोडायचे! नवं कापड फाडून गोधडी? आईने पाठीत धपाटा घातला असता. म्हणून मी त्याला क्विल्टच म्हणते, गोधडी म्हणायला जीभ रेटत नाही. गोधडीत कुणाचं तरी नेसूचं असायला हवं.

दोनओळी
म्हणजे परक्या वस्तूला परका शब्द. यावर माझं आणि बेळगावकरांचं पहिल्यांदाच एकमत होईल.

बेळगावकर
होणार नाही. आता पुण्यामुंबईतही कोऱ्या कापडाच्या गोधड्या विकतात आणि त्यांना गोधडीच म्हणतात. वस्तू बदलली तरी शब्द राहतो. काय करणार, पोलीस बोलावणार?

अनुस्वार
बोलावा. दंड करायला.

जुनीपेटी
मी मूळ प्रश्न विचारून तीन दिवस झाले. टिपण उद्या छापायला जातंय. तिथे 'चादर मधून जोडणे' असं लिहून मोकळी झाले. लाल शाईवाल्या बाई खूश आहेत. सासूबाई नाहीत, त्या म्हणतात यापेक्षा दंड बरा होता.
दरम्यान चादर खरोखरच फाडायला घेतली. 90 इंची होती. आता 45-45 चे दोन भाग समोर पडलेत. काठाला काठ लावून मधली टीप मारली, ती छान बसलीय. बाहेरच्या कडांना दुमड किती घेऊ? अर्धा इंच पुरेल?

कापूसकोंडा
पाऊण घ्या. विरलेलं सुती आहे, अर्ध्यात दोरे सुटतील. आणि दंडाच्या दोन्ही टोकांना उलटी टीप मारा, पहिल्या धुण्यात तिथूनच उसवतं.

मधली सुट्टी
दांडाच्या.