विषय: काल डॉक्टर गेला

प्रेषक: कार्डिफच्या वहिनी
शनिवार, २ जानेवारी २०१०

मंडळी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा नंतर देते. काल संध्याकाळी बीबीसी वनवर 'डॉक्टर हू' मालिकेतला डॉक्टर गेला, म्हणजे मरताना चेहरा बदलून नवा नट आला, आणि आमच्या घरी सुतक आहे. धाकटा धड जेवला नाही. नऊ वर्षांचा आहे, त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे डेव्हिड टेनंटच. २००५ साली आधीचा डॉक्टर, एक्लस्टन, गेला तेव्हा हा एवढासा होता, त्याला काय आठवणार?

"मला जायचं नाहीये" असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा पोरगा आधी टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे बघत बसला. जसं काही माझ्या हातात होतं! आणि पुढच्याच मिनिटाला तो नवा डॉक्टर, मॅट स्मिथ. हातपाय जागेवर आहेत का बघतोय, केस चाचपून "मी मुलगी झालो की काय" म्हणतोय. काळात फिरायचं त्याचं यान, ते टार्डिस, पेटलंय, खाली कोसळतंय आणि ह्याला मजा वाटतेय. धाकट्याने सरळ टीव्ही बंद केला.

ही मालिका आमच्याच गावात तयार होते, त्यामुळे आम्हाला जरा जास्तच लागलं. तुमच्यापैकी कोण कोण रडलं? खरं सांगा.

प्रेषक: न्यू जर्सीच्या ताई
शनिवार, २ जानेवारी

वहिनी!!! आमच्याकडे आज रात्री आहे! बीबीसी अमेरिका एक दिवस उशिरा दाखवतं हे तुम्हाला ठाऊक नाही का? लंडन सोडलं म्हणून मला मंडळातून काढलं नाहीये अजून, वर्गणी भरते मी. रात्रीपर्यंत हे मेल उघडणार नाही. आणि डॉक्टरच्या मरणाच्या भाकितातले ते चार ठोके कोणी मारले हे कोणी विषयाच्या ओळीत लिहिलं, तर उन्हाळ्यात आल्यावर बघून घेईन.

प्रेषक: हॅरोचे काका
रविवार, ३ जानेवारी

ताईंनी पुढचं वाचू नये.

मी रडलो नाही. चिडलो.

१९७१ मध्ये दादरहून इथे आलो तेव्हा भाड्याने आणलेल्या टीव्हीवर दर शनिवारी जॉन पर्टवीचा डॉक्टर बघायचो. निम्मे उच्चार कळायचे नाहीत, पण झालरीचा शर्ट आणि ती जुनाट पिवळी मोटार दिसली की खुर्ची पुढे ओढायची. जून १९७४ मध्ये तो गेला. हे आजच्या पोरांना मुद्दाम सांगतोय, कारण दोघांच्या मरणाचं कारण एकच आहे, किरणोत्सर्ग. पर्टवीने एका ग्रहावरून निळा स्फटिक उचलून आणलेला असतो आणि तिथल्या कोळ्यांना तो परत हवा असतो. त्या गुहेत पाऊल टाकलं की आपण संपलो, हे त्याला पक्कं माहीत असतं. पण त्याचे जुने गुरू, जे इंग्लंडात भिक्षू होऊन राहिलेले असतात, ते त्याला स्वतःच्या भीतीपुढे उभं करतात आणि तो जातो. कसाबसा प्रयोगशाळेत परत येऊन कोसळतो, त्याची सोबतीण सारा जेन रडायला लागते, तर मरणारा माणूस तिचीच समजूत काढतो. ती गोष्ट करणारे बॅरी लेट्स स्वतः बौद्ध विचारांचे होते. गेल्या ऑक्टोबरातच वारले.

आणि आता हे आपले टेनंटराव. बॉक्सिंग डेला बीबीसी टूवर हॅम्लेट म्हणून मेले, ते काय शांतपणे! सहा दिवसांनी डॉक्टर म्हणून मरताना आरडाओरडा, आदळआपट, माझ्यावर अन्याय झाला म्हणून त्रागा. नऊशे वर्षांचा माणूस ना तू?

कथानकाबद्दल बोलतच नाही. सगळ्या पृथ्वीला डॉक्टरच्या जुन्या शत्रूचं, मास्टरचं, तोंड चिकटवलं, टिमथी डाल्टनला झगा घालून उभा केला, ठीक आहे, सणाचे दिवस आहेत. पण नंतरच्या त्या भेटीगाठी! जुने सोबती मार्था, मिकी, जॅक, पुस्तकावर सही घेणं, लग्न, बर्फातली रोझ. आपल्याकडे पाहुणे "निघतो आता" म्हणून उठतात आणि चपला घालून दारात तासभर बोलत उभे राहतात, तसला प्रकार. एवढे किरण अंगात घेऊन माणूस इतका हिंडतो?

प्रेषक: लेस्टरचा धाकटा
सोमवार, ४ जानेवारी

काका, साष्टांग नमस्कार घालतो आणि भांडतो.

पर्टवीसमोर गुरू होता, शत्रू होता, मरायला भारदस्त कारण होतं. ह्याच्यासमोर काय होतं? ती काचेची खोली परत बघा. दोन कप्पे. एकात माणूस असल्याशिवाय दुसऱ्याचं दार सुटत नाही. जुनी सोबतीण डॉना, तिचा आजोबा विल्फ्रेड आत जातो तो तिथे अडकलेल्या एका तंत्रज्ञाला सोडवायला. तोपर्यंत टाइम लॉर्ड्स, म्हणजे डॉक्टरचे जातभाई, परत गेलेत, मास्टर गेलाय, डॉक्टर फरशीवर पडलाय आणि आपण जिवंत आहोत हे हळूहळू त्याच्या डोक्यात शिरतंय. भाकीत टळलं! आता हसणार, तेवढ्यात टक टक टक टक. थोडं थांबून परत चार. अगदी हलक्या हाताने, तुम्हाला वेळ असेल तर मला बाहेर काढा, अशा बेताने. वर्षभर आपण सगळे कोण भयंकर माणूस ठोके मारणार म्हणून डोकं खाजवत होतो, मास्टरच्या डोक्यातले चार ठोके मोजत होतो. आणि मारले कोणी, तर त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या म्हाताऱ्याने. टेनंट मान वळवायला किती वेळ घेतो बघा. कोण आहे ते त्याला न बघताच कळलेलं असतं.

म्हातारा म्हणतोय, मला राहू दे, माझं जगून झालंय. सोडून गेला असता तर दोष द्यायला कोण होतं? म्हणून तो ओरडतो. तू कोण आणि मी कोण, मी अजून किती काय काय केलं असतं, असंही त्याच्या तोंडून निघून जातं. ऐकायला वाईट वाटतं, कबूल. आणि मग तो त्या किरणांच्या कप्प्यात जातो, वर तुझ्यासाठी जाणं हा माझा मान आहे म्हणतो. मुकाट्याने गेला असता तर मला त्यात मोठेपण दिसलं नसतं, नुसती सवय दिसली असती.

नोव्हेंबरातला मंगळाचा भाग विसरलात का? काळाचे नियम म्हणजे आपल्या बापाची इस्टेट, अशा थाटात त्याने मंगळावर मरायचं ठरलेल्या अॅडलेडला वाचवलं आणि तिने घरात शिरून स्वतःला संपवलं. तो माज केलेल्या माणसाचं हे मरण आहे, ते पर्टवीसारखं नितळ कसं असेल? गंमत म्हणजे तो भाग तुमच्या बॅरी लेट्सनाच अर्पण केलेला होता.

भेटीगाठींचं म्हणाल तर बाकीच्या कापा, पण तो एक पाउंड ठेवा. डॉनाच्या लग्नात डॉक्टर तिकीट देतो लॉटरीचं. खिशात पैसे नसतात म्हणून भूतकाळात जाऊन एका भल्या माणसाकडून पाउंड उसना आणलेला असतो, आणि तो माणूस म्हणजे डॉनाचे वारलेले वडील. ते काम करणारे हॉवर्ड ॲटफील्ड चित्रीकरण चालू असतानाच खूप आजारी झाले आणि गेले, म्हणून तर बर्नार्ड क्रिबिन्स यांचा विल्फ्रेड मालिकेत एवढा मोठा झाला. एका पाउंडात दोघांचं देणं फिटलं.

प्रेषक: सचिव
मंगळवार, ५ जानेवारी

सभासदांस नम्र विनंती. ही यादी मंडळाच्या कामकाजासाठी आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला कोण येणार आणि कोण काय करून आणणार, ह्याला मोजकी उत्तरं आली आणि डॉक्टरवर पानंच्या पानं. गुळाच्या पोळ्या कोणीच घेतलेल्या नाहीत. बर्फाचा अंदाज आहे, तेव्हा गाड्या कोणाकोणाच्या येतील तेही कळवा.

ता.क. काकांनी पुस्तकावरच्या सहीला नावं ठेवली म्हणून सांगतो. त्या लेखिकेचं नाव व्हेरिटी न्यूमन. पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट आणि ज्यांच्या डोक्यातून मालिका निघाली ते सिडनी न्यूमन, दोघांना मिळून केलेला तो नमस्कार आहे. आणि १९६३ मधली पहिली गोष्ट दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन जन्माने लखनौचे. विषय संपला.

प्रेषक: हॅरोचे काका
मंगळवार, ५ जानेवारी

सचिवसाहेब, पोळ्या आमच्याकडून. सौ.ना विचारलेलं नाही, पण लिहून टाका.

लेस्टरकर, पाउंड ठेवू. जॅकचा बार कापा, मार्था-मिकीचं लग्न कधी लागलं तेही कोणीतरी कळवा. आणि सारा जेनला हात लावायचा नाही. मुलाला मोटारीखालून वाचवून डॉक्टर लांबूनच हात हलवतो, ती एक शब्द बोलत नाही, आणि तिला कळतं. १९७४ ला तीच होती, किरणांनी जळलेला डॉक्टर तिच्यासमोरच गेला होता. एलिझाबेथ स्लेडन नुसती बघते आणि मला मागचं सगळं दिसतं. इथे जरा डोळ्यांत आलं, पण त्याला रडणं म्हणत नाहीत.

ओरडण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

प्रेषक: न्यू जर्सीच्या ताई
बुधवार, ६ जानेवारी

पाहिलं. दोनदा.

तुम्ही सगळे डॉक्टर कसा मेला त्यावर भांडताय, विल्फ्रेडचं काय? पॅलेस्टाइनमध्ये सैनिक होता पण एकही माणूस मारला नाही, असं सांगणारा म्हातारा. आता रोज सकाळी उठून त्याला आठवणार की आपल्यापायी तो गेला. मला तर वाटतं, डॉक्टर आधी एवढा ओरडला ते विल्फ्रेडने ऐकलं हे बरंच झालं. नाहीतर त्याला वाटलं असतं, ह्याला काय, चेहरा बदलला की झालं. कॉफीच्या दुकानात डॉक्टर त्याला हेच तर समजावत होता, की बदललो तरी मरण मरणच असतं, कोणीतरी दुसराच माणूस उठून चालायला लागतो.

वहिनी, धाकट्याला सांगा की नवा ओरडतोय कारण तो नुकता जन्मलाय, सगळेच ओरडतात. मला तर आवडला बाई. निवडला तेव्हा सव्वीस वर्षांचा, इतका लहान डॉक्टर आजवर झाला नाही. फोटोत बो टाय लावून उभा आहे. काका आधी तक्रार करतील, मग उन्हाळ्यात मी येईन तोवर त्यांचाच सगळ्यात लाडका झालेला असेल.