आरीची भोकं मागच्या बाजूला वाकडी येतात, मदत हवी आहे

नमस्कार. जाड चामड्याचा पट्टा हाताने शिवतोय, एक दोरा आणि दोन सुया. दोन थर चिकटवलेले, मिळून साधारण 7 मिमी. पुढून टाके एका रेषेत दिसतात, पण पट्टा उलटला की भोकं नागमोडी. काही तर कडेपासून जेमतेम 2 मिमीवर आली आहेत, तिथलं चामडं फाटेल अशी भीती वाटते.

आरी चौकटी पात्याची आहे, म्हणजे पात्याचा छेद पत्त्यांमधल्या चौकटसारखा, चार बाजूंचा. लाकडात स्क्रूची जागा टोचायची गोल आरी आहे माझ्याकडे, पण ती चामड्याचे तंतू कापत नाही, नुसते बाजूला सारते, म्हणून ती नको.

आतापर्यंत पातं 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासलं, पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर चकचकीत केलं, टोकाला मेण लावलं. जोर आता खूपच कमी लागतो, हे काम करायलाच हवं होतं. मागे बूचही धरून पाहिलं. तरी शेवटच्या 2-3 मिमीत टोक डावीकडे सरकतं, आणि ते सरकताना हाताला स्पष्ट जाणवतं. मूठ हलत नाही, पातं वाकलेलं नाही.

ड्रिल कृपया सुचवू नका, गोल भोकात टाका हवा तसा तिरका बसत नाही.

घासताना पात्याची एक बाजू जास्त झिजली असेल तर टोक असं एकाच दिशेला ओढलं जातं का? आणि चारही बाजू सारख्या आहेत की नाही, हे एवढ्या बारीक पात्यावर तुम्ही कसं तपासता?