मदत हवी आहे: मुलांना फुकट वाचता येतील अशी स्वच्छ कॉमिक्स ऑनलाइन कुठे आहेत?

केळीबाग_यावल:
सुट्या लागल्यापासून पोरांचं एकच चाललंय, कॉमिक्स दे, कॉमिक्स दे. जी साइट उघडावी तिथे दोन पानं होत नाहीत तोच रमीची जाहिरात पडदाभर येते, नाहीतर पोरांसमोर दाखवू नये असं काहीतरी. 'डाउनलोड' लिहिलेली तीन-तीन हिरवी बटणं असतात आणि त्यातलं एकही खरं नसतं. फुकट हवीत आणि मी स्वयंपाकघरात असताना पोरांच्या हातात फोन निर्धास्त देता येईल अशी हवीत. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा. गुगल करून झालंय.

भुसावळकर:
ताई, मुलं केवढी आहेत? मराठी की इंग्रजी? मोबाईल की कंप्युटर?

वेताळप्रेमी:
एकच उत्तर, इंद्रजाल कॉमिक्स! वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक. १९६४ पासून १९९० पर्यंत निघायची, मराठीतसुद्धा होती. आता छापत नाहीत, पण लोकांनी जुने अंक स्कॅन करून ब्लॉगवर टाकलेत. आमचं अख्खं बालपण त्यावर गेलं. व्यनि (खाजगी निरोप) करा, लिंक देतो.

अमळनेरी:
वेताळप्रेमी, ते अंक छापणं थांबलं म्हणून हक्क संपले असं नाही. वेताळाचा लेखक ली फॉक १९९९ साली गेला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. उघड धाग्यावर असलं सुचवू नका.

वेताळप्रेमी:
अहो, जे विकतच मिळत नाही ते वाचलं तर कोणाचं काय बिघडलं? तुमच्या कायद्यापायी उद्या ते अंक कोणाला बघायलाही मिळणार नाहीत. लोकांनी जपले म्हणून तर टिकलेत.

अमळनेरी:
जपणं वेगळं, वाटणं वेगळं. आणि ताईंचा त्रास जाहिरातींचा आहे ना? रमीची जाहिरात आणि खोटी बटणं नेमकी असल्याच चोरट्या साइटवर असतात. त्यांचं पोट त्याच्यावरच चालतं. साइट कायदेशीर असली की निम्मा त्रास तिथेच संपतो.

केळीबाग_यावल:
इथे भांडू नका हो. मराठीच हवं, अजून काय. फोनवरच वाचणार.

भुसावळकर:
वय राहिलं ताई.

केळीबाग_यावल:
थोरली सातवीत, धाकटा तिसरीत.

पाचोऱ्याचे_मास्तर:
मग 'किशोर' सोडून दुसरीकडे जाऊच नका. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक बालभारतीने स्वतः साइटवर फुकट ठेवलेत. पत्ता: किशोर डॉट ईबालभारती डॉट इन. एकही जाहिरात नाही. गोष्टी, कविता, कोडी, चित्रकथा सगळं आहे. आमच्या वर्गातली जी मुलं धडा वाचताना अडखळतात, ती हे अंक खाली मान घालून वाचत बसतात. शिवाय सरकारच्या दीक्षा ॲपवर एनसीईआरटीच्या धड्यांवरची शंभराहून जास्त कॉमिक्स आहेत, २०२१ साली आणलेली. विज्ञान, गणित, सगळं.

केळीबाग_यावल:
सर, सुट्टीत धडे नकोत, घरात रडारड होईल. आणि 'किशोर' मासिक आहे. मला कॉमिक्स हवीत, चौकटी-चौकटीची, बोलणं फुग्यात असलेली. सगळेजण गोष्टींची पुस्तकं का सांगताहेत?

तापीकाठ:
ताई, पोरेसले मोबाईल कशाले? वाचनालयमा धाडा. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे. मोबाईलने डोळे जातात. आम्ही सुट्टीत आंब्याखाली बसून वाचायचो.

केळीबाग_यावल:
यावलच्या खेड्यातून जळगावला रोज कोण नेणार? आणि या उन्हात? दुपारी बारा ते पाच मी पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. म्हणूनच तर ऑनलाइन विचारतेय.

शिरपूर_आयटी:
मुळावर घाव घाला. फोन अँड्रॉइड असेल तर क्रोम सोडा, त्याच्यात फोनवर एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) टाकता येत नाही. फायरफॉक्स घ्या आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. बहुतेक जाहिराती गायब होतील. दुसरं, सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम असं इंग्रजीत भरा. अश्लील साइट आणि व्हायरसवाल्या साइट उघडणारच नाहीत. अँड्रॉइड ९ पासून पुढे चालतं. मात्र डीएनएसने रमीच्या जाहिराती थांबणार नाहीत, त्यासाठी युब्लॉकच.

भुसावळकर:
हे उत्तम. पण त्यांनी साइट विचारलीय, कुलूप नाही.

शिरपूर_आयटी:
कुलूप नसेल तर कुठलीही साइट सांगा, पोरगं तीन क्लिकमध्ये भलतीकडे पोचतं.

नंदुरबारची_ताई:
धाकट्यासाठी स्टोरीवीव्हर ही चित्रगोष्टींची साइट बघा. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलंय. भाषेत मराठी निवडा, मग पातळी निवडा, १ ते ४. तिसरीतल्या मुलाला जोडाक्षरं जड जात असतील तर पातळी २ वरून सुरुवात करा. एका पानावर मोठं चित्र आणि खाली दोन-तीन ओळी, त्यामुळे फोन आडवा धरला की झूम न करता वाचता येतं. जाहिराती नाहीत, वाचायला नाव नोंदवावं लागत नाही. खुला परवाना आहे, त्यामुळे छापून वाटलं तरी चालतं. मी अंगणवाडीत तेच करते. फुगे कमी आहेत हे खरं, पण मुलं चित्रावरून गोष्ट पकडतात, आणि आठ वर्षांच्या मुलाला तेवढंच लागतं.

वेताळप्रेमी:
चित्रांची पुस्तकं म्हणजे कॉमिक्स नव्हे. चौकटीतून चौकटीत उडी मारताना मधलं मुलाला स्वतः भरावं लागतं, ती मजाच निराळी. मी तरी यावर तडजोड करणार नाही.

अमळनेरी:
इथे मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. थोरली इंग्रजी वाचते का? सातवीत म्हणजे सेमी असेल. नासाने 'फर्स्ट वुमन' नावाचं कॉमिक काढलंय, २०२१ साली, चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या बाईची काल्पनिक गोष्ट. अस्सल चौकटी, अस्सल फुगे. नासाच्या साइटवरून पीडीएफ फुकट उतरवता येते.

केळीबाग_यावल:
सेमीच आहे. इंग्रजी वाचते, फक्त सोपं लागतं.

धुळेकर_७२:
डिजिटल कॉमिक म्युझियम बघा. अमेरिकेतली हक्क संपलेली जुनी कॉमिक्स, हजारोंनी, फुकट.

अमळनेरी:
मुलांच्या हातात सरसकट देऊ नका. तिकडे कॉमिक्सना नियमावली आली ती १९५४ मध्ये, आणि त्या साइटवर बराच माल त्याच्या आधीचा आहे. भूत, खून, रक्त सगळं चालायचं. शिवाय काळ्या लोकांची चित्रं किळस येईल अशी काढलेली असतात. बोलणाऱ्या प्राण्यांची कॉमिक्स तेवढी निवडायची, तीही आधी आपण वाचून.

जुनी_पेटी:
कोणाला चांदोबा आठवतो का? विक्रम-वेताळ, झाडाला लटकलेलं प्रेत, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. ते अंक कुठे मिळतील?

वेताळप्रेमी:
मिळतील, व्यनि करा.

अमळनेरी:
पुन्हा तेच.

केळीबाग_यावल:
वेगळा धागा काढा बाई चांदोबाचा. नंदुरबारच्या ताईंचं स्टोरीवीव्हर उघडलं. धाकटा कालपासून त्यातच आहे, जेवायला तीनदा हाक मारावी लागली. नासाचं पण उतरवलं, थोरली शब्द विचारत विचारत वाचतेय. मास्तर, 'किशोर'मध्ये खरंच चित्रकथा निघाल्या. पण स्कॅन केलेलं अख्खं पान फोनवर मावत नाही, अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आणि फाइल एवढी मोठी की एका अंकात दिवसाच्या दीड जीबीतला चांगलाच डेटा जातो.

पाचोऱ्याचे_मास्तर:
अंक साइटवर उघडून वाचू नका, एकदा उतरवून ठेवा, मग वाचायला नेट लागत नाही. रात्री झोपण्याआधी, दिवसाचा उरलेला डेटा वाया जायच्या आत, एक-एक अंक उतरवायचा. आठवड्यात सात अंक जमतात. लाइट गेली तरी वाचता येतं.

भुसावळकर:
घरात टीव्ही स्मार्ट आहे का?

केळीबाग_यावल:
टीव्ही साधाच आहे, मागे पेनड्राइव्हचं भोक आहे. पीडीएफ दिसेल का त्यावर?

शिरपूर_आयटी:
साध्या टीव्हीवर पीडीएफ सहसा उघडत नाही. पानांचे जेपीजी फोटो करा, अनुक्रमाने ००१, ००२ अशी नावं द्या आणि पेनड्राइव्हवर टाका. रिमोटने पान उलटेल. टीव्हीचं मॉडेल सांगा, मग नक्की सांगतो.