वाळवंटातला एकांत, स्वतःचा पूल आणि सोलापूरचे आईबाबा: पाठवावं का?

शेळगीची लेक

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला या डिसेंबरात चाळीस वर्षं होतायत. भाऊ पुण्यात, मी इथंच. दोघांनी मिळून काहीतरी मोठं द्यायचं ठरवलंय. सोनं नको म्हणतात, हॉल घेऊन जेवणावळ तर मुळीच नको.

मग आईनं भावाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. चारी बाजूंनी वाळू, मध्ये एकटंच घर, घरापुढं छोटा पोहण्याचा तलाव आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. आई म्हणाली, "असं कुणी बघणारं नसेल तर मी पण उतरेन बाई पाण्यात." तिला पोहता येत नाही. आजवर पाण्यात उतरली ती पंढरपूरला चंद्रभागेत, तीही लुगडं सावरत गुडघाभर. त्यामुळं भावानं लगेच दुबईच्या बाजूची रिसॉर्ट शोधायला घेतली.

अडचण बाबांची. सांगितल्यावर म्हणाले, "सोलापूरच्या माणसानं ऊन बघायला विमानात बसायचं? आणि आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, तिथं म्या एकट्यासाठी तलाव भरून घेऊ?" त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. फार शांत जागी त्यांना झोपच लागत नाही. दिवसभर वाळूकडं बघत बसतील असं मला तरी वाटत नाही. त्यांना आवड एकच, रविवारी सकाळी नान्नजला जाऊन काळवीट बघायची.

खर्च बराच आहे. जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडं राहिलेल्यांनी सांगा, हे पैसे सार्थकी लागतील का? की बाबा दुसऱ्या दिवशीच "चला घरी" म्हणतील? दोघंही शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात.

सात रस्ता

बे, दोन रात्रीच्या त्या पैशात इथं प्लॉटचं टोकन होतंय की. मे महिन्यात गच्चीवर टब ठेवा, वाळवंट पण झालं आणि पूल पण झाला.

पंपवाला

ताई, वरच्यांचं मनावर घेऊ नका.

मी आखातात बरीच वर्षं हॉटेलांच्या मेंटेनन्समध्ये होतो. पूल, पंप, चिलर हे माझ्याकडं. आता अशोक चौकात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाहुणा म्हणून नाही, पण मागच्या दारानं ही जागा चांगली बघितलीय.

पहिली गोष्ट, पैसे तलावाचे नसतात. तलाव म्हणजे चार हात पाणी. पैसे असतात मधल्या अंतराचे. एका व्हिलातून दुसरा व्हिला दिसू नये म्हणून केवढी जमीन मोकळी सोडतात, आणि तेवढी पाइपलाइन, तेवढी केबल, जेवणाचं ताट पोचवायला तेवढी बग्गी. तिथं नदी नाही. पाणी बहुतेक समुद्राचं, मीठ काढून आणलेलं. तुमच्या बाबांना पाण्याचा हिशोब खटकला तो बरोबरच आहे, त्यात त्यांना खोटं पाडू नका.

आता जागा. दुबईच्या बाजूला अल महा जुनं, 1999 चं. ते दुबई डेझर्ट कन्झर्व्हेशन रिझर्व्हमध्ये आहे, 225 चौरस किलोमीटरचं राखीव वाळवंट. तिथं प्रत्येक व्हिलाला स्वतःचा पूल. रास अल खैमाकडं अल वादीचं रिझर्व्ह आहे, रिट्झ कार्लटनचं, तिथंही तसंच. तिसरं अबू धाबीच्या दक्षिणेला लिवाजवळ, कसर अल सराब. ते रुब अल खालीच्या कडेला आहे. हे वाळवंट महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, टेकड्या बघूनच माणूस गप्प होतो. पण दुबईहून गाडीत तीन तास तरी जातात, आणि तिथं सगळ्या खोल्यांना पूल नाही, व्हिला घेतला तरच. गुडघ्यांचा विचार केला तर मी दुबईजवळचं घेईन.

पुलाबद्दल एक गोष्ट नीट विचारून घ्या, कारण फोटोत ती दिसत नाही. डिसेंबरात दिवस झकास असतो, पण वाळू लवकर थंड होते आणि रात्री पारा पंधराच्या खाली येऊ शकतो. पूल तापवलेला नसेल तर सकाळी त्यात पाय घालवत नाही. उन्हाळ्यात उलटं, पाणी न्हाणीघरातल्या बंबासारखं होतं, म्हणून चिलर लागतो. दोन्ही असलेल्या पुलाला टेम्परेचर कंट्रोल्ड म्हणतात, तोच शब्द वापरून मेल करा. आणि आईंसाठी पाणी किती खोल आहे ते विचारा, उतरायला पायऱ्या आहेत का, धरायला दांडी आहे का. खासगी पुलावर लाइफगार्ड नसतो. म्हणून आई पाण्यात असताना बाबांनी काठावर बसायचं, हा नियमच करा.

(थोडं विषयांतर: पुलाच्या सँड फिल्टरला दारातली वाळू चालत नाही. वाळवंटातली वाळू फार बारीक आणि घासून गोल झालेली असते, आत जाऊन गच्च बसते. फिल्टरला ठरावीक जाडीची सिलिका वाळू पोत्यातून विकत आणायची. चारी बाजूंनी वाळू असताना वाळूची पोती उतरवून घेताना आम्ही हसायचो.)

एक रात्र घेऊ नका. दुपारी तीनला खोली मिळते, दुसऱ्या दिवशी बाराला सोडायची, हातात काय राहतं? दोन रात्री घ्या. तीन घ्यायच्या आधी मात्र बाबांना विचारा.

बाबांचं म्हणाल तर ते नान्नजला जातात ना, मग काम सोपं आहे. अल महाच्या राखीव भागात अरबी ऑरिक्स आहेत, हरणासारखी जनावरं. पांढरं अंग, लांब सरळ शिंगं. 1972 मध्ये ओमानात शेवटचा रानटी ऑरिक्स मारला गेला आणि जंगलातून ही जात संपली. त्याआधीच काही जनावरं पकडून अमेरिकेत, फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेली होती. त्यांचा कळप वाढवला, 1982 पासून ओमानात परत सोडायला लागले, नंतर इतर देशांनीही सोडले. 2011 मध्ये त्यांची नोंद धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आली. माळढोक पक्ष्यासाठी आपल्याकडं नान्नजला 1979 पासून अभयारण्य आहे आणि आपण अजून तो दिसावा म्हणून माळावर ताटकळत बसतो, त्यामुळं बाबांना हे ऐकवाच. पहाटे गाइड जीपमधून नेतो. ससाण्याचा खेळ असतो, उंटावरून फेरी असते. अशा फेऱ्या आणि तिन्ही वेळचं जेवण बऱ्याचदा दरातच धरलेलं असतं, पण बुकिंग करताना खात्री करून घ्या. नाहीतर बिल बघून बाबांना तिथंच घाम फुटेल, कारण बाहेर जेवायला जवळपास काही नसतं.

आणखी एक. तिकडं घाफ नावाचं झाड दिसेल, त्यांचं राष्ट्रीय झाड. ती आपल्या दसऱ्याची शमीच आहे, तीच जात.

विजापूर रोडची वहिनी

पंपवाले दादांनी बरंच सांगितलं. मी बायकांच्या बाजूनं लिहिते.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, अशाच एका व्हिलात. सासूबाई सार्वजनिक पुलावर कधी फिरकल्याही नसत्या. इथं पहिल्या दिवशी पायऱ्यांवर बसून पाय सोडले, दुसऱ्या दिवशी गळ्यापर्यंत पाण्यात. मी त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, पायापर्यंतचा पोहण्याचा पोशाख नेला होता. साडी नेसून पाण्यात उतरू देऊ नका, भिजली की पायात गुंतते आणि पाय घसरतो. ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी अजूनही म्हणते. नवऱ्याला पटत नाही, ते असू दे.

एजंटाकडून बुक करणार असाल तर खोलीचं नाव कागदावर घ्या. आमच्या एजंटानं पूल व्हिला सांगून साधी खोली दाखवली होती. निघायच्या आधी मी हॉटेलला थेट विचारलं म्हणून कळलं, नाहीतर तिथं जाऊन भांडण. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आधीच घेतलेला आयकर, कापतात, त्याची पावती ठेवा, रिटर्न भरताना धरता येतो.

जेवणाची काळजी नको. हमस, फलाफल, मुतब्बल, डाळभात, पनीर सगळं मिळतं. आधी कळवलं तर अंडं सुद्धा टाळतात. तरी चार दिवसांनी माणसाला भाकरी आठवतेच, म्हणून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली. कर्मचाऱ्यांत केरळचे, नेपाळचे पुष्कळ. चटणी चाखून एक जण परत मागायला आला.

पण खसखस घातलेलं काहीही नेऊ नका! अनारसे, खसखशीची करंजी, मसाल्याची पुडी, सगळं तपासा. यूएईत खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत आहे आणि विमानतळावर "आईनं दिलं" हे कुणी ऐकत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि काही वेदनाशामकं पण तशीच. गुडघ्यांची, बीपीची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या.

शांततेबद्दल. पहिल्या रात्री सासूबाईंनी मोबाइलवर हळू आवाजात भजन लावून झोप काढली. बाबांसाठी तोच उपाय करा, नाहीतर एसीचा पंखा मोठा ठेवा.

सात रस्ता

भजन लावायला वाळवंटात जायचं. बरं.

माळावरचा

राजस्थानचा विचार केलात का? जैसलमेरला सम आणि खुरी इथं वाळूच्या टेकड्या आहेत. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटर. खर्च कितीतरी कमी, व्हिसा नाही. शिवाय जवळच डेझर्ट नॅशनल पार्क, तिथं बाबांचा माळढोक अजून आहे. मात्र समच्या तंबूंमध्ये रात्री नाचगाणं आणि लाउडस्पीकर असतात. मूळ मागणी "कुणी बघणारं नको" अशी आहे, ती तिथं पुरी होणं अवघड. एकांत हवा असेल तर शहराबाहेरचं एखादं मोठं हॉटेल घ्यावं लागेल आणि मग दरातला फरक कमी होत जातो. डिसेंबरातली रात्र तिकडं जास्तच बोचरी.

शेळगीची लेक

सगळ्यांचे आभार, सात रस्तावाल्यांचेही. काल जेवताना बाबांना ऑरिक्सची गोष्ट ऐकवली. फीनिक्सपर्यंत कशी नेली, कुणी नेली, किती होती, मला उत्तरं देता येईनात. शेवटी म्हणाले, "जनावरं बघायला येतो, तलाव तुझ्या आईचा." म्हणजे होकारच.

आता तारखा. डिसेंबर जमेल, पण जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून बाबा कुठंच येणार नाहीत. मग फेब्रुवारीत गेले तर? आणि विमान मुंबईहून की हैदराबादहून?

पंपवाला

2 आणि 3 डिसेंबरला त्यांच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, आणि 20 नंतर नाताळ-नववर्षाचे दर चढतात. मधले आठवडे बघा, शनिवार-रविवार सोडून. पुढच्या वर्षी, 2027 ला, रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, चंद्र बघून एखादा दिवस पुढंमागं. हॉटेलात पाहुण्यांना दिवसाही जेवण देतात, त्यामुळं अडत काही नाही, पण पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी डिसेंबरच सांगेन.

हैदराबाद सोयीचं. आपल्याकडून तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि दुबईला थेट विमानं आहेत. गुडघे दुखत असतील तर विमान कंपनीकडं व्हीलचेअर आधीच नोंदवा, दुबईच्या विमानतळावर चालणं फार. दोघांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे ना ते आजच बघा. दिरहॅम, तिकडचं चलन, एका डॉलरला 3.67 असा बांधलेला आहे, म्हणजे डॉलर वर गेला की तुमचं बिल पण वर. बरा भाव दिसेल तेव्हा भरून टाका.

दांडीचं आणि पायऱ्यांचं उत्तर मेलवर लेखी घ्या. फोनवर सगळे "येस मॅडम" म्हणतात.

सात रस्ता

पंपवाले, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? बोअरची मोटर जळालीय.

पंपवाला

साडेआठपर्यंत. येताना मोटरबरोबर स्टार्टर पण घेऊन या.