प्रोग्रॅम थांबतोच, हे यंत्राकरवी सिद्ध करता येते का?

प्रश्न:
क्रमाने लावलेल्या यादीत शोध घेताना दोन टोके जवळ आणत नेणारा लूप, म्हणजे तीच पावले पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा भाग, मी लिहिला होता. डावे टोक ४ आणि उजवे ५ असताना मधला क्रमांक पुन्हा ४ निघाला, तोच डाव्या टोकात गेला आणि प्रोग्रॅम तिथेच फिरत राहिला. अशा चुका आधीच पकडणारी साधने आहेत म्हणतात. पण कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले आहे. मग ही साधने नेमके करतात तरी काय?

उत्तर १:
तो सिद्धांत सर्व प्रोग्रॅमना लागू पडेल अशा एकाच रीतीविषयी आहे. एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमची सिद्धता शोधण्याच्या तो आड येत नाही. ‘ठरवता आले नाही’ असे म्हणण्याची मुभा साधनाला दिली, की वाट मोकळी होते. खुद्द ट्युरिंग यांनीच १९४९ मध्ये केंब्रिजला, गुणाकाराची आज्ञा न वापरता फॅक्टोरियल (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या पूर्णांकांचा गुणाकार) काढणारा प्रोग्रॅम थांबतो हे सिद्ध करण्यासाठी, सतत घटत जाणारी एक राशी दाखवली होती; शून्याखाली न जाणारा पूर्णांक कायम घटत राहू शकत नाही, म्हणून प्रोग्रॅम थांबलाच पाहिजे. तुमच्या लूपमध्ये ती राशी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, आणि ते १ वर येऊन अडले.

उत्तर २:
एकच पूर्णांक राशी नेहमी पुरत नाही. क्ष आणि य दोन्ही धन असेपर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये, दर फेऱ्याला एक तर य १ ने घटतो, किंवा क्ष १ ने घटून य ला बाहेरून कोणताही पूर्णांक मिळतो, असे समजा. किती फेरे होतील हे आधी सांगता येत नाही, तरी लूप थांबतोच. पोडेल्स्की आणि रिबाल्चेंको या संगणकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेल्या रीतीनुसार, एका फेऱ्याचाच नव्हे तर सलग कितीही फेऱ्यांचा तुकडा घेतला तरी त्यात क्ष किंवा य घटलेला असतो, एवढे दाखवले की पुरते; बाकीचे काम रॅम्सीचे प्रमेय करते: फेरे अनंत असते, तर त्यांत एकच राशी पुन्हा पुन्हा घटत जाणारी अनंत मालिका सापडली असती, आणि ते अशक्य आहे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. २००६ मध्ये बायरन कुक यांच्यासह त्यांनी सादर केलेले ‘टर्मिनेटर’ हे साधन याच पायावर उभे राहून विंडोजचे डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, तपासत असे.

प्रश्नकर्ता:
मधला क्रमांक आता वरच्या पूर्णांकाकडे नेतो; एका शाखेत तो डाव्या टोकात जातो आणि दुसऱ्या शाखेत उजव्या टोकात त्याहून एक कमी ठेवतो. ४ आणि ५ घेऊन कागदावर पाहिले. दोन्ही शाखांत अंतर शून्यावर येते.